नारळ नंबर एक्केचाळीस

सदूनाना मुळ्ये छत्री पावसासाठी बाळगत नसत. पाऊस आला की ते ती उलटी करून काखेत मारीत आणि स्वतः भिजत घरी जात. छत्रीच्या टोकाला त्यांनी माडाच्या पातीचं भिरभिरं टाचणीनं बसवलेलं होतं, आणि ओलं झालेलं भिरभिरं फिरत नाही. एरवी बाजारातून जाताना ते प्रत्येक नाक्यावर थांबायचे, मिटलेली छत्री उंच धरायचे, डोळे बारीक करून भिरभिऱ्याकडे बघायचे, खिशातून पेन्सिल काढून वहीत एक बाण मारायचे आणि पुढच्या नाक्याकडे निघायचे.

"काय नाना, आज वारा कुठं निघाला?" एखादा दुकानदार विचारायचा.

"वारा निघाला तो मांडवीकडं," नाना गंभीरपणे सांगायचे. "पण तुझ्या दारात घोटाळतोय. पडवी फूटभर पुढं काढलीस ना, त्याचं हे. मागं घे."

दुकानदार पडवी मागं घेत नसे. गाव हसायचं. हसणाऱ्यांत मीही होतो, आणि इतरांपेक्षा मला कमी हसायला हवं होतं, कारण ते बाण काढायला नानांना मीच शिकवलं होतं.

माझं वय आता ब्याऐंशी आहे. नानांना पाहिलेलं माणूस गावात शोधून सापडायचं नाही. माझ्या ट्रंकेत त्यांची एक वही आहे आणि एक पोस्टकार्ड आहे. वही त्यांनी मला दिली. कार्ड मी त्यांना द्यायचं होतं, ते दिलं नाही. हे लिहायला बसलो आहे ते त्या कार्डासाठी. पण नाना कोण होते ते कळल्याशिवाय एका कार्डाचं ओझं कुणाला कळायचं नाही.

नाना बंदरावर कारकून होते. आमच्याकडं आगबोट धक्क्याला लागत नसे. ती बाहेर खोल पाण्यात उभी राही आणि माणसं पडावातून तिच्यापर्यंत जात. कोणत्या पडावात कोण बसलं याची यादी करणं हे नानांचं काम. त्यांची बायको उमावहिनी आंजर्ल्याची. चार वर्षं तिला माहेरी पाठवायचं राहिलं होतं. कधी रजा नाही, कधी घरी पाहुणे, दर वर्षी "पुढच्या वर्षी". अखेर एका पौषात वहिनी निघाल्या. यादीत त्यांचं नाव नानांनीच लिहिलं. पडाव आगबोटीपासून हाकेच्या अंतरावर असताना एक लाट आडवी आली आणि तो कलंडला. सगळी माणसं मिळाली, कुणी जिवंत, कुणी नाही. वहिनी तेवढ्या मिळाल्या नाहीत.

हे सगळं मी गावात येण्याआधीचं. मी आलो तेव्हा गाव त्यावर बोलायचं थांबलं होतं. नाना मात्र एक वाक्य सारखं म्हणायचे, आणि ते कुठल्याही गोष्टीवर म्हणायचे. कुणाची चप्पल देवळातून गेली, कुणाचा मुलगा मुंबईला जाऊन पत्र पाठवीना, की नाना म्हणत, "ठेवून घेत नाही हो कुणी. कुठं तरी लावतोच." लोकांना वाटे, नानांना धीर द्यायची सवय आहे. ते वाक्य समुद्राबद्दल होतं.

मी पुण्याहून गणित घेऊन बी. ए. झालो आणि इथल्या शाळेत मास्तर म्हणून लागलो. एकोणीसशे अठ्ठावीसचा सुमार असेल. अंगात उत्साह होता आणि गावात गणिताचा बी. ए. मी एकटा होतो. वाचनालयाच्या पडवीत मी मोठ्या माणसांसाठी उच्च गणिताचा मोफत वर्ग काढला. पहिल्या संध्याकाळी अकराजण आले. त्यांतल्या सहाजणांना वाटलं होतं की याने खात्याची परीक्षा सुटेल, दोघे वर्तमानपत्र वाचायला आले होते ते उठले नाहीत इतकंच. तिसऱ्या आठवड्यात सदूनाना एकटे उरले. चाळिशी उलटलेला माणूस, मांडीवर छत्री आडवी, पुढ्यात वही.

"नाना, बाकीचे कुठं गेले?"

"कुठं तरी लागतील," नाना म्हणाले. "आपण पुढं चला."

एका चलाचं गणित त्यांनी वर्षभरात संपवलं. दोन चलांवर आलो तेव्हा मी त्यांना सांगितलं, "आतापर्यंत आपण एका पायवाटेनं चाललो, नाना. आता अख्खा डोंगर समोर आहे. कुठच्याही अंगाला जाता येतं, आणि प्रत्येक अंगाचा चढ वेगळा."

त्या वाक्यानं माणूस बिघडला. दुसऱ्या दिवसापासून नाना घाटीनं टेकडीवर जाईनात. सगळ्यात जास्त चढ कुठच्या दिशेला आहे ते शोधून त्या दिशेनं सरळ जायचे. ती दिशा एका आंब्याच्या बागेतून, एका गोठ्यातून आणि एका वकिलांच्या मागील दारातून जात होती. वकीलीणबाईंनी त्यांना हटकलं. नाना म्हणाले, "वहिनी, मी काय करू? डोंगर सांगतोय."

लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारी बसणं ही शिक्षा होती. पानात भाताची मूद पडली की ते वरणाचा एक थेंब शिखरावर सोडून तो कुठच्या अंगाला ओघळतो ते बघत. वाढपी ताक घेऊन आला तरी यांचं वरण चाललेलं. एकदा दोन मुदी शेजारी शेजारी पडल्या आणि मधे खळगा राहिला. नानांनी माझा हात धरला. "मास्तर, ही बघा खिंड. मुदीवरनं मुदीवर जाणाऱ्याला ही सगळ्यात खालची जागा. नि आडवं जाणाऱ्याला हीच सगळ्यात वरची." मग थोडा विचार करून म्हणाले, "आमचा हेडक्लार्क असाच आहे. आमच्या बाजूनं बघितलं तर शिखर, साहेबाच्या बाजूनं बघितलं तर खड्डा." हेडक्लार्क समोरच्या पंगतीत होते. त्यांनी ते ऐकलं.

दिशा असलेल्या संख्यांवर आल्यावर तर विचारायला नको. नुसती संख्या त्यांना चालेनाशी झाली. कुणी म्हणालं, "पावस गाव सात-आठ मैल," की नाना, "कुठच्या अंगाला?" मला हिवताप झाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, ताप एकशे दोन. खाटेच्या पायाशी उभे राहून नाना म्हणाले, "दिशा सांगा, डॉक्टर. चढतोय की उतरतोय?" डॉक्टरांनी त्यांना बाहेर काढलं. पण प्रश्न बरोबर होता.

वाऱ्याचे बाण हा नुसता सराव होता. खरे बाण त्यांना समुद्रात काढायचे होते. पाण्याच्या प्रत्येक ठिकाणी एक बाण, इतक्या वेगानं, या दिशेला. असे सगळे बाण कळले तर एका ठिकाणी सोडलेली वस्तू कुठं जाऊन लागेल ते कागदावर सांगता येईल. त्यांनी कधी "वस्तू" याहून दुसरा शब्द वापरला नाही आणि मीही विचारलं नाही. त्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर आमचा किनारा काढलेला होता, आणि पडाव कलंडला त्या जागी पेन्सिलीनं केलेलं एक लहानसं टिंब होतं. बाकी पानांवर मुंग्यांसारखे बाण.

आता माझ्याबद्दल. ज्या इंग्रजी पुस्तकावरून मी शिकवत होतो ते मी कॉलेजात विकत घेतलेलं होतं. त्यातली शेवटची तीन प्रकरणं, पाण्याच्या ओघाची, भोवऱ्याची, काळाबरोबर बदलणाऱ्या प्रवाहाची, मी वाचली नव्हती. परीक्षेला ती ऐच्छिक होती. एका सुटीत नानांनी पुस्तक घरी नेलं आणि पंधरा दिवसांनी परत आणलं.

"मास्तर, शेवटाकडची पानं एकमेकांना जोडलेलीच होती. मी विळीनं कापली हो. छापखान्याची चूक असेल."

त्या काळी पुस्तकांची पानं वाचणाऱ्यानं स्वतः कापायची असत, हे नानांना ठाऊक होतं. आधीची सगळी पानं मीच कापली होती, तीही त्यांनी पाहिली होती. मी म्हणालो, "असेल, असेल." नाना खाली बघून वही उघडायला लागले.

मग त्यांनी विचारलं, "यात महिना कुठं बसवायचा?"

"महिना?"

"म्हणजे बघा, ठिकाण सांगायला दोन आकडे पुरे. पण पाणी काय नेहमी तसंच वाहतं? आज एक बाण, चार महिन्यांनी दुसरा. मग हा तिसरा चल नको का धरायला? शेवटच्या प्रकरणात कायसं आहे, पण मला नीटसं उमगत नाही."

मलाही ते उमगलं नसतं. "वाचून सांगतो" एवढं म्हणायला काय लागलं असतं? पण मी गावातला एकमेव बी. ए. होतो. मी म्हणालो, "महिना स्थिर धरा, नाना. समुद्र मोठा आहे. महिन्यानं त्याला काही फरक पडत नाही. ते प्रकरण आपल्या कामाचं नाही."

नानांनी वहीत लिहिलं, "महिना स्थिर (मास्तर)." ते अक्षर आजही तिथं आहे.

त्यानंतर नारळांचा कारभार सुरू झाला. नारळी पौर्णिमेला सगळं गाव समुद्राला नारळ देतं. नाना सोडणासकट, म्हणजे न सोललेला, नारळ घेत, त्यावर दोन बोटं उंचीचा आकडा रंगवत, सोडणात चीर पाडून मेणकापडात गुंडाळलेलं एक पोस्टकार्ड खुपसत आणि वरून डांबर लावत. कार्डावर छापील विनंती असे, ज्यास नारळ सापडेल त्याने ठिकाण व तिथी लिहून कार्ड पेटीत टाकावे. मिरकरवाड्याचा हसन तांडेल त्यांना होडीतून बरोबर त्या टिंबाच्या जागी नेई. पत्ता कुणाचा घालायचा हा प्रश्न आला, कारण बंदराच्या साहेबानं कचेरीचा पत्ता घालू दिला नाही. मी म्हणालो, माझा घाला, शाळेचा. आपलं नाव समुद्रावर फिरेल याचा मला आनंद झाला होता.

पहिल्या वर्षी तीन कार्डं आली. एकावर लिहिलं होतं, "नारळ नं. ४ मिळाला. खोबरे खवट निघाले. पुढील खेपेस चांगला पाठवावा." दुसऱ्याला नानांनी आभाराचं पत्र पाठवलं, त्याचं उत्तर आलं, "मुलीसाठी स्थळ पाहत आहोत, आपल्या शाळेत कोणी आहे काय?" सगळी कार्डं दक्षिणेकडची होती. नानांनी दक्षिणेकडे बाण काढले.

तिसऱ्या वर्षी भानगड झाली. रंग नाना बंदरावरचा वापरत, होड्यांच्या बुडाला लावतात तो. तो दिसायला थेट शेंदूर. आमच्या कोकणात वाळूत पडलेल्या, शेंदूर फासलेल्या, वर काहीतरी आकडा काढलेल्या नारळाला कोण हात लावेल? उतारा म्हणून लोक त्याला लांबून वळसा घालत. खाली दक्षिणेला एका गावात एकाच आठवड्यात असे दोन नारळ लागले आणि त्याच आठवड्यात तिथल्या खोताची म्हैस मेली. भगत आला. भगतानं नारळ काठीनं उलटा केला, तेव्हा डांबर निघून कार्ड बाहेर आलं, आणि करणी करणाऱ्याचा पूर्ण नाव-पत्ता सापडला. असा प्रामाणिक करणीवाला त्या भगतानं जन्मात पाहिला नसेल.

एका सकाळी शाळेची प्रार्थना चालू असताना एक धिप्पाड माणूस टोपली घेऊन आला. त्यानं दोन नारळ, सात लिंबं आणि एक काळी बाहुली शाळेच्या उंबऱ्यावर ओतली आणि म्हणाला, "करमरकर मास्तर कोण? तुमचं तुमच्याकडं. म्हशीचं काय ते तुम्ही बघा."

हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावलं. "करमरकर, हे काय आहे?"

"गणित, सर."

"गणितात लिंबं असतात का?"

नाना संध्याकाळी आले आणि त्यांनी आधी लिंबं बाजूला सारून नारळांचे आकडे बघितले. "नऊ नि बारा," ते म्हणाले. "दोन्ही एकाच ठिकाणी लागले. मास्तर, म्हशीचं वाईट झालं, पण बाण बरोबर निघाला."

त्या बाणांवर मी मोठा झालो, हे सांगायलाच हवं. वाचनालयात मी "आपल्या किनाऱ्यावरील प्रवाह" या विषयावर व्याख्यान दिलं. पाणी सदासर्वदा दक्षिणेस वाहते, असं फळ्यावर मांडून दाखवलं. नाना पहिल्या रांगेत बसून मान हलवत होते. गावच्या साप्ताहिकात ते व्याख्यान छापून आलं. माझं नाव प्रथमच छापलं गेलं. नानांचं नाव त्यात नव्हतं. ते म्हणाले, "बरंच झालं. हेडक्लार्कनं वाचलं असतं."

पडाव कलंडल्याला बारा वर्षं होत आली होती. देह मिळाला नाही अशा माणसाचा बारा वर्षांनी पळसाच्या पानांचा पुतळा करून विधी करतात. नानांचे थोरले बंधू खेडहून येऊन बसले. "सदू, आता करून टाक. तिला मोकळी कर नि तूही हो."

"कुठं करू?"

"कुठंही. पाण्याकाठी."

"कुठंही म्हणजे कुठं, दादा? पत्ता नको? साधं कार्ड टाकायचं तर पत्ता लागतो."

त्या दिवसांत हसन तांडेलाशी त्यांचं बोलणं झालं. हसन जाळं विणत बसला होता, मी बाजूला उभा होतो. नानांनी सहज विचारलं, "हसन, पाणी कुठं जातं रे?"

"कंच्या म्हयन्यात?" हसन म्हणाला.

नानांनी छत्री खाली ठेवली.

"सरावनात खाली जातं. पौस म्हयन्यात वर जातं. आमच्या बापजाद्यांना ठावं. तुम्ही सरावनात नारळ टाकता, ते खालीच जानार. वहिनीचा पडाव तर पौसातला."

"मग मेल्या, इतकी वर्षं होडीत बसवून नेत होतास, बोलला नाहीस?"

"मला वाटलं तुम्ही नारली पुनवेचा नेम करताय. पुसलंत कुठं?"

मला वाटलं, नाना आता माझ्याकडं वळतील. महिना स्थिर धरा, असं कुणी सांगितलं ते म्हणतील. ते वळले नाहीत. जाळ्याची एक गाठ बोटानं चाचपत म्हणाले, "हसन, पौषात नेशील ना?"

त्या पौषात, त्याच तिथीला, त्याच टिंबावर नानांनी एकच नारळ सोडला. नंबर एक्केचाळीस. विधी महिनाभर पुढं ढकलला. "एक कार्ड येऊ दे, दादा," त्यांनी बंधूंना कळवलं. "मग जिथं म्हणेल तिथं करतो."

रोज संध्याकाळी ते शाळेच्या फाटकाशी उभे राहत. भिरभिरं वाऱ्यावर फिरत असायचं आणि ते त्याच्याकडं बघत नसायचे.

"काही?"

"नाही, नाना."

पहिले पंधरा दिवस ते "नाही" खरं होतं.

सोळाव्या की सतराव्या दिवशी कार्ड आलं. मी ते मधल्या सुटीत वाचलं आणि कोटाच्या आतल्या खिशात घातलं. संध्याकाळी नाना फाटकाशी आले.

"काही?"

"नाही, नाना."

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की हेडमास्तरांनी ताकीद दिली होती, शाळेच्या पत्त्यावर पुन्हा नारळाचं काही आलं तर माझी धडगत नव्हती. ताकीद खरी होती. पण कारण ते नव्हतं. कार्ड उत्तरेकडून आलं होतं. माझं व्याख्यान, ते साप्ताहिक, तो "सदासर्वदा" शब्द, सगळं त्या चार ओळींनी खोटं ठरत होतं. वाटलं, चार दिवसांनी देऊ. चार दिवसांनी वाटलं, आता उशीर का झाला म्हणून विचारतील. मग ते देणं दिवसेंदिवस अवघडच होत गेलं.

महिना संपला. नानांनी वही उघडून दक्षिणेचे बाण मोजले. सगळ्यात जास्त बाण गावखडीच्या वाळूकडं जात होते. "महिना चुकीचा असेल," ते म्हणाले, "पण हाती आहे तेवढ्यावरच चालायला हवं." विधी तिथं ठरला.

मी गेलो होतो. नको म्हणायला तोंड नव्हतं. पाण्याचा तांब्या माझ्या हातात होता. भटजींनी पळसाच्या पानांचा पुतळा मांडला. नानांनी पिशवीतून अबोलीचा गजरा काढला आणि डोकं म्हणून ठेवलेल्या नारळाला गुंडाळला. भटजी म्हणाले, शास्त्रात हे नाही. नाना म्हणाले, "तिच्या शास्त्रात आहे."

सगळं झाल्यावर बंधू आणि भटजी पुढं गेले. नाना वाळूत उभे राहून दोन्ही बाजूंना बघत होते.

"मास्तर, हिकडचं तिला कुणी ठाऊक नव्हतं हो. हा किनारासुद्धा तिनं कधी पाहिला नव्हता. इथं कशाला आली असेल, एकटीच?"

कार्ड तेव्हाही माझ्या खिशात होतं. घरी ठेवलं तर बायको वाचील म्हणून मी ते बरोबर बाळगत असे. मी तांब्या उपडा करून उरलेलं पाणी वाळूत ओतलं आणि म्हणालो, "चला नाना, ऊन चढतंय."

पुढं दर पौषात ते गजरा घेऊन गावखडीला जात. जाताना होडी, येताना चालत. भिरभिरं त्यांनी छत्रीवरून काढून टाकलं. पावसात छत्री उघडायला लागले. गाव म्हणालं, नाना सुधारले.

तिसऱ्या वर्षी त्यांच्या छातीत कफ भरला. मी भेटायला गेलो तेव्हा हसन उशाशी बसून त्यांना पेज पाजत होता. हसन भांडं विसळायला मागीलदारी गेला, तेव्हा नाना बारीक आवाजात म्हणाले, "एक्केचाळीस काही आलाच नाही हो."

"समुद्रानं गिळला असेल," मी म्हणालो.

"ठेवून घेत नाही तो. कुठं तरी लागला असणार." मग त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि लगेच नजर खाली घेऊन पांघरुणाची कड नीट केली. "टपालात गहाळ झालं असेल, मास्तर."

हा आवाज मी ओळखत होतो. छापखान्याची चूक असेल, असं म्हणतानाचा हा आवाज होता. मी आजवर ठरवू शकलो नाही की त्यांना ठाऊक होतं की नव्हतं.

ते गेल्यावर हसननं वही आणून दिली. वर लिहिलं होतं, "मास्तरांस द्यावी." मी ती ट्रंकेत कार्डाशेजारी ठेवली आणि जवळजवळ पन्नास वर्षं उघडली नाही. गेल्या महिन्यात उघडली.

शेवटच्या पानांवर नानांनी एकट्यानं ते प्रकरण सोडवलं आहे. माझ्या एका शब्दाच्याही मदतीशिवाय, चुकत, खोडत, पुन्हा मांडत. "महिना स्थिर (मास्तर)" हे खोडलेलं नाही. त्याच्या शेजारी फक्त लिहिलं आहे, "महिना चल धरून पाहू." अगदी अखेरच्या पानावर पुन्हा तो किनारा आहे, तेच टिंब, आणि तिथून उत्तरेकडं निघालेली बाणांची एक ओळ. जयगडावरून, दाभोळावरून ती वर जाते आणि हर्णैच्या आसपास थांबते. तिच्या टोकाशी कंसात लिहिलं आहे, "येथे नं. ४१ चे ठिकाण भरावे." पुढं एक रेघ ओढलेली आहे आणि रेघेवर काही नाही.

मी कार्ड काढलं. शाई फिकी झाली आहे, पण वाचता येतं.

"मु. आंजर्ले. स. न. वि. वि. आपला नारळ नं. ४१ येथे कड्याखालील वाळूत लागला. रंग शेंदरी असल्याने बायकांनी गणपतीचा समजून वर देवळात नेऊन ठेवला आहे. कोणी फोडलेला नाही. कळावे."

नारळ म्हणजे माणूस नव्हे, हे मला गणिताचा मास्तर म्हणून समजतं. नारळ गेला त्या वाटेनं बाई गेली असेलच, असं सिद्ध होत नाही. नानांनाही ते समजलं असतं. तरी त्यांनी गजरा घेऊन उत्तरेची वाट धरली असती, आणि सासुरवाडीला जावं तसे नीट कपडे करून गेले असते.

मी टाक शाईत बुडवला आणि त्या रेघेवर "आंजर्ले" असं लिहिलं. अक्षर वाकडं आलं. आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या, त्या सवयीनं उत्तराखाली बरोबरची खूण करायला टाक पुढं गेला. तो मी परत दौतीत ठेवला. गणित त्यांचं होतं, ते माझ्याकडून तपासून घ्यायची त्यांना गरज नव्हती.